सार्क्स, सोमा आणि आपलं पोट: नव्या करारातले देहाचे शब्द मराठीत आणताना या चुका टाळा

बेळगाव शहरात, खानापुरात, निपाणीत किंवा पार अथणीकडे एखाद्या बायबल अभ्यासवर्गात डोकावलं तर टेबलावर निदान तीन बायबलं दिसतात. एक मराठी, एक कन्नड आणि कुणाच्या तरी मोबाइलवर इंग्रजी. खानापूरच्या बाजूचं कुणी असलं तर चौथं कोकणी. वर्गाची टिपणं काढणारी माणसं पगारी भाषांतरकार नसतात. निवृत्त मास्तर, एखादी नर्सताई, तरुण संघातला कॉम्प्युटर येणारा पोरगा, अशीच मंडळी हे काम करतात. हल्ली ॲपमध्ये शब्दावर बोट ठेवलं की मूळ ग्रीक शब्द आणि त्याचे सात-आठ अर्थ समोर येतात, आणि घोटाळा तिथेच सुरू होतो. कोशातले अर्थ म्हणजे हवा तो उचलावा असा बाजार नव्हे. एका ओळीत त्यातला बहुधा एकच अर्थ चालतो आणि तो कोश ठरवत नाही, शेजारचे शब्द ठरवतात.

देहाच्या शब्दांत हे जास्त नडतं. ग्रीकमध्ये हे शब्द देहापुरते राहत नाहीत, आणि मराठीतले आपले शब्दही राहत नाहीत. फक्त दोघांचं वाहणं वेगवेगळ्या दिशेला असतं.

सार्क्सला मांस म्हणणं, आणि मग घाबरून शरीर म्हणणं

सार्क्स हा ग्रीक शब्द नव्या करारात सुमारे दीडशे वेळा येतो. कोशात पहिला अर्थ 'मांस', म्हणून कुणीतरी प्रेषित पौलाच्या गलतीकरांस पत्रातल्या वाईट कर्मांच्या यादीला 'मांसाची कर्मे' असं लिहून मोकळा होतो. आपल्याकडे मांस म्हणजे रविवारचं मटण. वर्गात लिंगायत घरातून आलेली एखादी बाई असेल आणि पौल मांसाहाराविरुद्ध बोलतोय असं तिला वाटलं, तर चूक तिची नाही.

हे लक्षात आलं की लोक दुसऱ्या टोकाला जातात आणि 'शरीराची कर्मे' लिहितात. ही चूक अधिक घातक, कारण ती चूक वाटतच नाही. गलती ५:१९-२१ मधली यादी मोजून बघा. मूळ यादीत १५ गोष्टी आहेत. त्यातल्या सुरुवातीच्या तीन कामवासनेच्या, शेवटच्या दोन दारू आणि धिंगाण्याच्या. मधे मूर्तिपूजा आणि जादूटोणा. उरलेल्या आठ कुठल्या? वैर, भांडण, मत्सर, संताप, स्वार्थी चढाओढ, फुटी, तट, हेवा. यांत शरीराचा काय संबंध? (सीमाभागातल्या कुठल्याही संस्थेच्या कार्यकारिणीत वर्षभर बसलेल्या माणसाला ही आठांची यादी तोंडपाठ असते.) पौलाचा सार्क्स म्हणजे कातडीखालचं मांस नव्हे. देवाला बाजूला ठेवून आपल्याच बळावर चालू पाहणारं अख्खं माणूसपण त्याच्या मनात आहे. तिथे 'शरीर' घातलं की ऐकणारा उपास-तापास आणि शरीराला शिक्षा या वाटेला लागतो. पौल त्या वाटेला नेत नाही. कलस्सै २:२३ मध्ये देहाला दिलेल्या असल्या कष्टांचा काही उपयोग नाही असं तो स्पष्ट म्हणतो.

मग 'देहबुद्धी' का नको? शब्द सुंदर आहे, आणि वारकरी घरातल्या माणसाला लगेच कळतो. अडचण हीच की तो फार लगेच कळतो. 'मी म्हणजे हा देह' हा भ्रम म्हणजे देहबुद्धी, आणि त्यावरचा उपाय म्हणजे आपण देह नाही हे ओळखणं. पौल उलट देहाच्या पुनरुत्थानाची वाट पाहतो. त्याला देहातून सुटायचं नाही. म्हणून 'देहस्वभाव' हा शब्द मला बरा वाटतो. तो थोडा बेचव आहे, पण कुणाचं तत्त्वज्ञान उसनं आणत नाही. पंडिता रमाबाईंनी (१८५८–१९२२) हिब्रू आणि ग्रीकवरून मराठी बायबल करायला घेतलं, त्यामागे आधीच्या भाषांतरातली असली जड, दुसऱ्या विचारांनी भरलेली शब्दयोजना टाळणं हेही एक कारण होतं. त्यांचा जन्मही आजच्या कर्नाटकातलाच, त्यामुळे आपल्या भागाने त्यांच्यावर थोडा हक्क सांगायला हरकत नाही.

इंग्रजीवाल्यांनाही हे सहज सुटलं नाही. एनआयव्ही या इंग्रजी भाषांतराने पौलाच्या अशा ओळींत 'पापी स्वभाव' या अर्थाचे शब्द घातले होते. २०११ च्या आवृत्तीत बहुतेक ठिकाणी ते काढून पुन्हा 'मांस' या अर्थाचा जुना शब्द ठेवला. तुमच्या मोबाइलवर कुठली आवृत्ती आहे ते आधी बघा. दोन माणसं एकाच नावाचं बायबल घेऊन वाद घालत असतात आणि आवृत्त्या मात्र वेगळ्या निघतात.

पण दीडशेच्या दीडशे ठिकाणी 'देहस्वभाव' घातलात तर तीही चूक. रोम ९:३ मध्ये पौल आपल्या यहुदी बांधवांना 'सार्क्सप्रमाणे माझे नातेवाईक' म्हणतो. मराठीत त्यासाठी 'रक्ताचे नातेवाईक' हा शब्द तयारच आहे. मत्तय १६:१७ मध्ये 'सार्क्स आणि रक्ताने तुला हे दाखवलं नाही' याचा अर्थ 'कुणा माणसाने नाही' एवढाच. १ करिंथ १५:३९ मध्ये माणसं, जनावरं, पाखरं, मासे यांचे सार्क्स वेगवेगळे सांगितलेत. तिथे सरळ 'मांस' लिहा. योहान ६ मध्येही मी 'मांस'च ठेवेन. तिथे येशू आपलं सार्क्स खायला सांगतो, आणि ५२ व्या ओळीत लोक हबकून आपसांत भांडू लागतात. तुमच्या टिपणात गुळगुळीत 'देह' आला तर ते का भांडतात हेच कळणार नाही. शेवटच्या भोजनाच्या वेळी 'हे माझे शरीर' म्हणताना मात्र मत्तय, मार्क, लूक सोमा, म्हणजे शरीर, हा शब्द वापरतात. दोन्हीकडे एकच शब्द घातला तर योहानाने शब्द बदललाय हे वाचणाऱ्याला दिसतच नाही.

शेजारच्या भाषेतून शब्द उचलणं

योहान १:१४ मराठीत 'शब्द देही झाला' असा आहे. जुन्या कन्नड बायबलात त्याच जागी 'नरावतार एत्ती' असं आहे. कन्नड उपदेशाचा मराठी तर्जुमा करताना हा 'अवतार' अलगद आत शिरतो. कन्नडमध्ये तो तिथल्या ख्रिस्ती बोलण्यात रुळलाय, हे मान्य. मराठीत अवतार म्हटलं की दहा अवतार आठवतात, म्हणजे एकदा येऊन जाणारी आणि पुन्हा येणारी गोष्ट. शिवाय पोरगा चिखलात लोळून घरी आला की आई 'काय हा अवतार!' म्हणते. तोच प्रकार 'शरीरभाव'चा. कन्नडमध्ये पौलाच्या सार्क्ससाठी हा शब्द आहे, आणि नेमका आहे. मराठीत तसाच टाकला तर ऐकणाऱ्याला हावभाव किंवा बॉडी लँग्वेज आठवते. लिपी वेगळी असली की माणूस सावध असतो. दोन्ही भाषांतले संस्कृत शब्द सारखेच दिसतात, म्हणून इथे फसतो.

'अंग' हा शब्दही जपून वापरा. मराठीत अंगात देवी येते. लिंगायत परंपरेत अंग म्हणजे लिंगाशी एकरूप होऊ पाहणारा जीव. ख्रिस्ताचं 'अंग' म्हटलं की दोन्हीकडचे कान भलतीकडे जातात.

सोमा म्हणजे नेहमी जिवंत शरीरच, असं धरणं

आधी एक सोपी चाचणी. कलस्सै १:२२ काढा. तिथे सोमा आणि सार्क्स एकाच शब्दसमूहात आहेत: 'त्याच्या सार्क्सच्या सोमात'. तुम्ही दोन्हींसाठी 'शरीर' ठरवलं असेल तर 'शरीराच्या शरीरात' असं वाक्य होईल. टिपण इथे फुटलं की पुढे दहा ठिकाणी फुटणार, म्हणून मी नवीन काम हातात घेतलेल्या माणसाला आधी हीच ओळ करायला सांगतो. 'आपल्या रक्तामांसाच्या शरीराने' अशी काहीशी वाट काढता येते.

सोमा म्हणजे प्रेतही. मार्क १५:४३ मध्ये अरिमथाईकर योसेफ पिलाताकडे येशूचं सोमा मागतो. दोन ओळींनंतर, ४५ मध्ये, पिलात जे देतो त्याला सर्वांत जुन्या हस्तलिखितांत प्तोमा म्हटलंय, म्हणजे पडलेलं प्रेत. नंतरच्या बऱ्याच हस्तलिखितांत तिथेही सोमा घातलंय. कुणाला तरी तो शब्द कठोर वाटला असावा. फरक जपण्यासारखा आहे. योसेफ माणूस मागतोय, आणि मेल्याची खात्री करून घेतलेला रोमन अधिकारी एक मयत हवाली करतोय. पहिल्या जागी 'शरीर' किंवा 'देह', दुसऱ्या जागी 'प्रेत'. 'मढं' नको, ते शिवीच्या जवळ जातं. मत्तय २४:२८ मध्ये, जिथे प्तोमा तिथे गिधाडं, अशा ओळीत ते बोलताना खपेल, छापताना नाही.

प्रकटीकरण १८:१२-१३ मध्ये बाबेलच्या व्यापाऱ्यांच्या मालाची यादी आहे. सोनं, दालचिनी, मैदा, गुरं, मेंढरं, घोडे, रथ आणि शेवटी 'सोमे'. इथे 'शरीरं' लिहिलं तर वाचणारा गोंधळतो. बाजारात विकायला उभे केलेले गुलाम त्या काळच्या ग्रीकमध्ये असे नुसते 'देह' म्हणून मोजले जात. 'गुलाम' लिहा. पण त्याच ओळीत पुढे 'माणसांचे जीव' असं जोडलंय तेही सोडू नका, कारण लेखकाचा सगळा राग त्या जोडणीत आहे.

कलस्सै २:१७ पटकन सांगतो. तिथे सोमा सावलीच्या विरुद्ध उभं आहे, म्हणजे 'खरी वस्तू'. 'शरीर ख्रिस्ताचे आहे' एवढंच लिहिलं तर लोक मंडळीवर, म्हणजे ख्रिस्ताचं शरीर म्हटल्या जाणाऱ्या ख्रिस्ती समुदायावर, प्रवचन करतात, आणि मुद्दा सणवार आणि खाण्यापिण्याच्या नियमांचा असतो.

१ करिंथ १५:४४ मधल्या दोन सोमांबद्दलही एक इशारा. मराठीत 'प्राणमय शरीर' आणि 'आध्यात्मिक शरीर' असे शब्द छापून आलेत. उपनिषदांतला प्राणमय कोश माहीत असलेला श्रोता पुढे मनोमय, विज्ञानमय अशा पायऱ्या मोजू लागतो. आणि 'आध्यात्मिक' म्हटलं की धुरासारखं, हाताला न लागणारं काहीतरी असं वाटतं. पौल दोन्हींना सोमाच म्हणतो. एक नुसत्या जीवावर चालणारं, दुसरं देवाच्या आत्म्याच्या बळावर चालणारं. टिपणात एवढं एक वाक्य जोडलं तरी पुरतं.

'तुमचं' कुणाचं?

१ करिंथ ६:१९ आपल्याकडे फार लोकप्रिय आहे, कारण दारूबंदीच्या प्रवचनाला सोयीची ओळ आहे. 'तुमचं शरीर पवित्र आत्म्याचं मंदिर आहे.' ग्रीकमध्ये 'तुमचं' हे अनेकवचन आहे आणि सोमा एकवचन. मराठीत एका काकांनाही आपण 'तुमचं' म्हणतो, त्यामुळे ते अनेकवचन हरवतं. कन्नडच्या 'निम्म'चीही तीच गत. मागच्या ओळी वेश्यागमनाबद्दल आहेत, म्हणजे एकेका माणसाचं शरीर इथे नक्कीच आहे. पण समूहाची सावली पुसू नये. 'तुम्हा सर्वांचं शरीर' लिहिलं तर दोन्ही राहतं.

'मंदिर' या शब्दामागचा नाओस म्हणजे सगळं देवळाचं आवार नव्हे. त्यासाठी हिएरोन हा वेगळा शब्द आहे. नाओस म्हणजे जिथे देव असतो तो आतला भाग. आपला 'गाभारा' त्याच्या जवळचा आहे. तो छापायला काहींना संकोच वाटतो, निदान समजावताना वापरा.

आणि या भागात ही ओळ वाचली की कुणीतरी बसवण्णांचं नाव काढतंच. बाराव्या शतकातल्या त्यांच्या प्रसिद्ध वचनात पाय खांब होतात आणि देह देऊळ होतो. साम्य दाखवायला हरकत नाही, दाखवावंच. फक्त तिथेच थांबू नये. बसवण्णांचं बोलणं श्रीमंतांनी बांधलेल्या देवळांच्या विरुद्ध आहे. पौलाचा युक्तिवाद मालकीचा आहे: तुम्ही स्वतःचे नाहीत, किंमत देऊन विकत घेतलेले आहात. गुलामांच्या बाजाराची भाषा इथेही आहे.

पोटाला लाजणं

कोइलिया म्हणजे जठर आणि कोइलिया म्हणजे गर्भाशय. इंग्रजीतून येणारा माणूस इथे अडखळतो. मराठी माणसाने अडखळायचं कारण नाही. आपलं 'पोट' दोन्ही करतं. पोट भरतं, आणि पोटी लेकरू येतं. लूक १:४१ मध्ये अलीशिबेच्या पोटात बाळ उसळतं, फिलिप्पै ३:१९ मध्ये काहींचा देव पोट असतो. उगाच 'उदर' आणि 'गर्भाशय' आणून ओळ दवाखान्यात नेऊ नका.

एकाच जागी पोट दगा देतं. योहान ७:३८ मध्ये कोइलियातून जिवंत पाण्याच्या नद्या वाहतात. 'पोटातून पाण्याच्या नद्या' वाचून मागच्या बाकावरची पोरं हसली तर त्यांना रागावू नका. तिथे 'अंतःकरणातून' किंवा 'अंतरातून' हेच ठीक.

स्प्लांख्ना म्हणजे आतडी. प्रेषितांची कृत्ये १:१८ मध्ये यहूदाची अक्षरशः बाहेर पडतात. पण बहुतेक ठिकाणी तो मायेचा शब्द आहे. १६११ च्या इंग्रजी किंग जेम्स बायबलने फिलिप्पै १:८ मध्ये शब्दशः आतडी ठेवली आणि नंतरच्या इंग्रजी वाचकांना ते विचित्र वाटू लागलं. मराठीला विचित्र का वाटावं? आपल्याकडे आतड्याची माया असते, आतडं तुटतं, पोटात कालवतं. कन्नडमध्येही 'करुळु' चुरचुरतं. यातून आलेलं क्रियापद शुभवर्तमानांत १२ वेळा आहे, आणि मराठी बायबलात त्यासाठी 'कळवळा' हा फार चांगला शब्द वापरला गेलाय. टिपणं काढणारे मात्र इंग्रजीवरून 'दया' किंवा 'करुणा' करून टाकतात. दया वरून खाली केली जाते. लूक १५:२० मधला, उधळ्या मुलाच्या गोष्टीतला म्हातारा बाप धावत सुटतो तो दयेने नव्हे. फिलेमोन १२ मध्ये पौल अनेसिम या गुलामाला आपली आतडीच म्हणतो. तिथे 'काळीज' घ्या, 'काळजाचा तुकडा'ही चालेल.

स्केउओस: जिथे खरंच माहीत नाही तिथे माहीत असल्यासारखं लिहिणं

१ थेस्सल ४:४ ही सगळ्यांत अवघड ओळ. प्रत्येकाने आपलं स्केउओस पवित्रतेने आणि सन्मानाने मिळवावं किंवा ताब्यात ठेवावं, असं तिथे म्हटलंय. स्केउओस म्हणजे भांडं. पण कसलं? ख्रिसोस्तोमसारख्या जुन्या भाष्यकारांनी 'स्वतःचं शरीर' असा अर्थ घेतला, ऑगस्टीनने 'पत्नी'. काही आधुनिक अभ्यासक तो पुरुषाच्या गुप्तांगासाठीचा झाकलेला शब्द मानतात आणि १ शमुवेल २१ मधल्या दाविदाच्या माणसांच्या 'पात्रां'कडे बोट दाखवतात. १९५२ च्या आरएसव्ही या इंग्रजी भाषांतराने पत्नी निवडली, एनआयव्हीने शरीर. सोबतच्या क्रियापदाचा नेहमीचा अर्थ 'मिळवणे'. तो धरला तर पत्नीकडे झुकावं लागतं, पण मग पत्नी मिळवायची वस्तू होते. 'ताब्यात ठेवणे' धरला तर शरीराकडे झुकता येतं, पण क्रियापद थोडं ओढावं लागतं. १ पेत्र ३:७ मध्ये पत्नीला 'अधिक नाजूक पात्र' म्हटलंय, आणि 'अधिक' म्हणजे नवराही पात्रच. त्यामुळे ती ओळ पत्नीच्या बाजूने लावली जाते तेवढी भक्कम नाही.

माझा कल शरीराकडे आहे, कारण आधीची आणि नंतरची ओळ वासनेला आवर घालण्याबद्दल आहे आणि ती सगळ्यांना लागू आहे, फक्त लग्नाळू पुरुषांना नाही. पण मजकुरात मी 'पात्र'च ठेवेन आणि खाली दोन ओळींची टीप देईन. 'पात्र' मराठीत खूप ताण सोसतं. प्रेषितांची कृत्ये ९:१५ मध्ये पौल स्वतः निवडलेलं पात्र आहे तिथेही ते बसतं. ज्यांच्या हाती टीप द्यायला जागा नाही, उदाहरणार्थ भिंतीवरच्या वचनाच्या कॅलेंडरवाले, त्यांनी ही ओळ घेऊच नये.

२ करिंथ ४:७ मध्ये मात्र 'पात्र' नको. तिथे 'मातीची भांडी' असं थेट लिहा. कुंभारकामाची संस्था असलेल्या खानापूर तालुक्यात मातीचं भांडं स्वस्त असतं, फुटतं आणि त्यात धन कुणी ठेवत नाही, हे सांगायला टीप लागत नाही.

केफालेचा 'मालक' करणं

इफिस ५:२३ मध्ये नवरा बायकोचं केफाले आहे, म्हणजे डोकं. बोलताना कुणी 'यजमान' म्हणतं, कुणी 'मालक'. दोन्ही आपल्याकडे नवऱ्यासाठी रोजचे शब्द, म्हणून तोंडात येतात, आणि अभ्यासकांत अजून मिटलेला नाही तो वाद भाषांतरकार एका फटक्यात निकालात काढतो. केफाले म्हणजे अधिकार की उगम, यावर बरंच लिहिलं गेलंय. इफिस १:२२ मध्ये अधिकार दिसतो. इफिस ४:१५-१६ मध्ये डोक्यापासून सगळ्या शरीराला वाढ मिळते. 'मस्तक' ठेवा. १ करिंथ ११ मध्ये तर ठेवावंच लागतं, कारण तिसऱ्या ओळीतलं मस्तक अलंकारिक आहे, चौथ्या-पाचव्या ओळीतलं पदर घ्यायचं खरंखुरं, आणि पौल एकावरून दुसऱ्यावर उडी मारतो. एकीकडे 'प्रमुख' आणि दुसरीकडे 'डोकं' लिहिलंत तर ती उडी दिसत नाही.

हात, पाय, कंबर

योहान २०:२५ मधल्या खिळ्यांच्या खुणा 'तळहातावर' लिहू नका. ग्रीक खेइर मनगटासकट असतो. प्रेषितांची कृत्ये १२:७ मध्ये पेत्राच्या साखळ्या 'हातांतून' गळून पडतात, त्या तळव्यात नव्हत्या. मराठी 'हात' इथे इंग्रजीपेक्षा चांगला बसतो. योहान १९:३१-३३ मध्ये सैनिक स्केलोस मोडतात, म्हणजे टाच-पाऊल नव्हे, अख्खा पाय. 'पाय मोडले' पुरेसं. १ पेत्र १:१३ मध्ये मनाची कंबर बांधायची आहे, तिथे आपलं 'कंबर कसणं' हुबेहूब बसतं. पण इब्री ७:१० मध्ये लेवी बापाच्या, म्हणजे पूर्वज अब्राहामाच्या, कमरेत असतो. तिथे 'कमरेत' लिहिलं तर कटदोरा आठवतो. 'अब्राहामाच्या वंशात अजून जन्माला यायचा होता' असं सरळ लिहा.